वडाळीभोईच्या पुढे थांबलेली गाडी

१८ जानेवारी २०२४, नाशिक

अप्पा,

तुम्ही माझा फोन उचलत नाही. आणि उचललात तरी संध्याकाळी मला धड बोलता येत नाही, म्हणून हा कागद. दिवस कलला की माझा आवाज नाकातून यायला लागतो, जीभ जड होते. तसं बोलणं तुम्ही ऐकलं असतं, तर चंदरनं सांगितलं ते तुम्हाला खरंच वाटलं असतं. आत्ता सकाळ आहे. रात्रीची झोप झालीय, हात पक्का आहे. म्हणून सगळं आत्ताच लिहून टाकते.

आपल्या फाट्यावरच्या हॉटेलात चंदर काय बोलला ते मला आईनं फोनवर सांगितलं. "खंडेरावची पोरगी पिऊन एसटी चालवत व्हती, पब्लिकनं खाली उतरवली." मी आईला विचारलं, मग अप्पा काय म्हणाले? आई आधी सांगेना. मग म्हणाली, "काय नाय म्हनले. चहा तसाच ठिवला आन् घरी आले."

अप्पा, चंदरचं मला काही वाटलं नाही. त्याला बोलायला रोज काहीतरी लागतंच. पण तुम्ही तीस वर्षं आग्रा रोडवर ट्रक चालवलात. तुम्ही मला आठवीत असताना ट्रॅक्टरवर बसवलंत. मी मनोजशी ठरलेलं लग्न मोडलं, नांदगावच्या पाहुण्यांना दिलेला तुमचा शब्द माझ्यामुळे गेला, त्याचा राग मला समजतो. लग्नानंतर स्टिअरिंग सोडायचं, ही अट त्यांनी पत्रिका छापून झाल्यावर घातली, आणि ती मी मानली नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, आजपासून या घरात गाडीचा विषय नको आन् तुझाबी. तेही मी ऐकून घेतलं. पण मी पिऊन गाडी चालवेन, हे कुणी तुमच्या तोंडावर म्हणावं आणि तुम्ही गप्प बसावं, हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

काय झालं ते माझ्याकडून ऐका.

नोव्हेंबर संपत आला होता. नाशिक-नांदगाव गाडी, राकेश कंडक्टर. त्याआधी काही आठवडे माझी डावी पापणी संध्याकाळ झाली की खाली यायची. मला वाटायचं झोप कमी पडते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन चष्मा करून आणला. सकाळी सगळं ठीक असायचं, त्यामुळे दर संध्याकाळी जे व्हायचं ते सकाळी मी विसरून जायचे.

त्या दिवशी पिंपळगाव सोडलं आणि पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. वडाळीभोई मागे पडलं. दिवे लागायची वेळ होती. माझ्या पुढच्या ट्रॉलीच्या दोन ट्रॉल्या झाल्या, एक जराशी वर, एक खाली. मी एक डोळा मिटला, तर एकच. उघडला, पुन्हा दोन. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला चार दिवे.

चांदवड काही लांब नव्हतं. एक डोळा मिटून नेता आली असती गाडी. हे तुम्हाला मी सांगायला नको, अप्पा, की असं 'नेता आली असती' म्हणणारे किती जण तुम्ही त्याच रस्त्यावर पत्रा कापून बाहेर काढलेत. मी इंडिकेटर दिला, गाडी डाव्या अंगाला घेतली, हँडब्रेक लावला, चावी काढून खिशात टाकली.

राकेश पुढे आला. "मॅडम, काय झालं? पंक्चर?"

"मला सगळं दोन-दोन दिसतंय. मी गाडी पुढं नेणार नाही."

तोपर्यंत माझी जीभही जड झाली होती. 'गाडी' म्हणायला गेले तर काहीतरी भलतंच आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "टाकलेली दिसते बाईनं." मग काय, सगळी बस बोलायला लागली. एकजण केबिनपर्यंत आला. "माझी घरची आयशर हाय. चावी द्या, मी नेतो."

मी म्हटलं, "गाडी माझ्या ताब्यात आहे. ती दुसऱ्याच्या हातात जाणार नाही." शब्द निम्मे तरी त्याला कळले की नाही कोण जाणे, पण तो मागे सरला. मी डेपोला फोन लावून राकेशकडे दिला. दुसरी गाडी आली, माणसं बसली, दुसरा ड्रायव्हर आला, त्याच्या हातात मी चावी दिली, आणि मगच खाली उतरले. डेपोत श्वासाच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं. फुंकताना ओठ मिटेनात, दोनदा फुंकावं लागलं. मशीनवर काही आलं नाही. येणार कुठून?

त्याचा कागद मी तुम्हाला पाठवणार नाही. बापाला पोरीचा दाखला कशाला लागतो?

माझं मागणं एवढंच आहे. चंदरच्या हॉटेलात, चार माणसं असताना, तुम्ही सांगायचं की माझ्या पोरीनं गाडी थांबवली. लग्नाचं तुम्हाला वाटतं ते वाटू द्या.

स्नेहल

२५ फेब्रुवारी २०२४, नाशिक

अप्पा,

उत्तर आलं नाही, येईल असं धरूनही चालले नव्हते. आई म्हणते मागचं पत्र तिनं तुम्हाला वाचून दाखवलं, तुम्ही खाटेवर पाठ करून पडला होतात. पाठ केली तरी कान उघडेच असतात, म्हणून पुढचं लिहिते.

रोगाचं नाव कळलंय. मायस्थेनिया ग्रेव्हिस. आईला ते म्हणता येत नाही, ती 'स्नेहलचं पापणीचं' म्हणते. तुम्हीही तसंच म्हणा, चालेल.

माझ्या खोलीत राहणारी संध्या कंडक्टर आहे, तिनं मला ओढत मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. शिरसाठ मॅडम. त्यांनी आधी मला छताकडे एकटक बघायला लावलं. बघता बघता पापणी खाली आली. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि तो मिटलेल्या डोळ्यावर धरला. जरा वेळानं काढला, तर पापणी वर! संध्या ओरडलीच, "अगंबाई, उघडला!" मॅडम हसल्या. गार लागलं की या आजारात पापणी थोडा वेळ उचलली जाते. मी ड्युटीवर तोंडावर गार पाणी मारायचे आणि बरं वाटायचं, ते का, हे तेव्हा कळलं. नंतर रक्ताची तपासणी झाली, विजेचे झटके देऊन स्नायू तपासले, तेव्हा पक्कं झालं.

मी विचारलं, "मॅडम, माझे स्नायू खराब झालेत का?"

"स्नायू चांगले आहेत. नसाही चांगल्या आहेत. नस स्नायूला निरोप पाठवते, स्नायूवर तो घ्यायच्या जागा असतात. रोगजंतूंशी लढायला शरीराची जी फौज असते, तीच तुमच्या त्या जागांवर चालून गेलीय. पहिले निरोप पोचतात, म्हणून सकाळी तुम्ही ठणठणीत. दिवसभर वापर झाला की निरोप कमी पडायला लागतात."

"फौजेला काय झालं असं?"

"ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही काही चुकीचं खाल्लं नाही, काही पाप केलं नाही. घरच्यांनाही सांगा."

म्हणून सांगते. आई म्हणत होती, मोडलेल्या लग्नापायी कुणाचा तरी तळतळाट लागला असेल. तसलं काही नाही.

"बरं होईल?" मी विचारलं.

"मुळापासून जाईल, असा शब्द मी देत नाही. पण ताब्यात राहतो. खूप जण नीट काम करतात, पोरंबाळं वाढवतात."

"आणि गाडी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आत्ता नाही. दोन दिसतंय तोवर दुचाकीसुद्धा नाही. पण कधीच नाही, असं मी म्हटलेलं नाही. तेवढं नीट ऐका."

मी नीट ऐकलं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात मागे बसले, आणि रिक्षावाला ज्या तऱ्हेनं गाडी हाणत होता ते बघून पापणी आपोआप उघडी राहिली.

आता गोळ्या ठरल्या वेळी. एक गोळी तासभरात जोर देते आणि काही तासांत उतरते, बाकीच्या त्या फौजेला आवरायला. त्यातल्या स्टिरॉइडनं तोंड सुजलंय, फोटो पाठवणार नाही. जेवण सकाळी नि दुपारी पोटभर, रात्री मऊ भात, कारण रात्री चावता चावता जबडा थकतो. दुपारी झोप. केस विंचरायचे ते गोळीच्या जोरावर. डेपोनं हलकं काम दिलंय, वर्कशॉपच्या स्टोअरला. नट-बोल्ट मोजून देते. मेकॅनिक लोक आधी बिचकून बोलायचे, आता नेहमीसारखे वाद घालतात.

मामानं नांदगावहून एक पावडर पाठवलीय, प्रतिकारशक्ती वाढवायची. त्याला तुम्ही सांगा, अप्पा, की माझी शक्ती कमी पडलेली नाही, ती नको तिथं उसळलीय. तिला आणखी खतपाणी नको. मॅडमना विचारल्याशिवाय मी तुळशीचा काढाही घेत नाही. आईनं पाठवलेला अंगारा मात्र लावते. तो कपाळावरच राहतो, पोटात जात नाही.

स्नेहल

९ मे २०२४, नाशिक

अप्पा,

ऑपरेशन झालं. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, लहानपणी कामाची, मोठेपणी सुकून जाते. माझी सुकली नव्हती. ती काढली तर पुढं वर्षा-दोन वर्षांत उतार पडायची चांगली आशा असते, असं मॅडम म्हणाल्या. खात्री कुणी दिली नाही. मी म्हटलं काढा.

तुम्ही आला नाहीत. 'यायची गरज नव्हती' असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं झालं असतं. स्ट्रेचरवरून आत नेताना मी दाराकडे बघत होते. आई होती, संध्या होती, राकेश ड्युटी बदलून आला होता. तुम्ही नव्हता. आई म्हणाली, कांद्याला पाणी द्यायचं होतं. उन्हाळ कांदा तर एप्रिलमध्येच काढून झाला, अप्पा. आईला खोटं बोलायला लावू नका, तिला ते जमत नाही.

रागावून लिहीत नाहीये. एक गोष्ट मला पडून राहिल्यावर कळली. आधी मी रोज ठरवायचे, अप्पा बोलले की मी बरी होईन. आता ते दोन्ही वेगळं केलंय. बरं व्हायचं काम माझं. तुमचं काम तुमच्याकडे.

जखम भरतेय. खोकताना उशी छातीशी धरते.

स्नेहल

२ फेब्रुवारी २०२५, नाशिक

अप्पा,

आता मी खोलीवर आहे. आईला परवा गाडीत बसवून दिलं, तिनं तुम्हाला सांगितलं असेलच, पण तिनं निम्मं रडण्यात घालवलं असणार.

डिसेंबरपर्यंत सगळं छान चाललं होतं. दोन दिसणं बंद झालं होतं. मग जानेवारीत थंडी पडली आणि मला खोकला झाला. साधा खोकला, जो तुम्ही गूळ-सुंठीवर काढता. मॅडमनी मला शिकवून ठेवलंय, एका दमात मोठ्यानं आकडे म्हणायचे. नेहमी माझे पंचविसाच्या पुढं जातात. त्या दुपारी बारावर दम संपला. पुन्हा म्हणून बघितलं, नऊ. संध्या म्हणाली, "सकाळी जाऊ, आत्ता जरा पड." मी पिशवी आधीच भरून ठेवलेली असते. उचलली आणि म्हटलं, "सकाळची वाट बघायचा आजार नाही हा. रिक्षा बोलव."

दवाखान्यात पोचले तेव्हा चालता येत होतं. म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरला वाटलं साधं छातीचं इन्फेक्शन आहे. तो औषध लिहायला लागला. मी पाकिटातलं कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. त्यावर आजाराचं नाव आहे, आणि या आजारात कोणती औषधं चालत नाहीत तेही. काही साधी अँटिबायोटिक्ससुद्धा आमचा श्वास बंद पाडू शकतात. त्यानं वाचलं, लिहिलेलं खोडलं, आणि थेट शिरसाठ मॅडमना फोन लावला. भला माणूस. नंतर मला म्हणाला, "तुम्ही तासभर उशिरा आला असता तर बोलायच्या अवस्थेत नसता." मी मान हलवली. तेव्हाच बोलायच्या अवस्थेत नव्हते.

मग आयसीयू. नाका-तोंडावर मास्क, हाताला सुई, त्यातून दिवसचे दिवस महागडं औषध. गिळता येईना. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी घाबरून जाईन. भीती होतीच, पण तिच्याबरोबर एक गोष्ट पक्की होती. मी वेळेवर थांबले होते, दुसऱ्यांदा.

आणि आता ते, ज्यासाठी खरं हे पत्र आहे.

मास्क निघाल्यावर राकेश भेटायला आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडलांनी माझी गाडी अडवली."

आई इकडे आलेली, घरी तुम्ही एकटेच होतात. राकेशची नांदगाव गाडी फाट्यावर आली तर तुम्ही हात करून उभे. दार उघडल्यावर चढला नाहीत. खालूनच विचारलंत, "त्या दिशी स्नेहलच्या गाडीवर तूच व्हता का?"

तो म्हणाला, हो.

"मंग खाली ये. दोन मिंटं."

तो म्हणाला, "बाबा, गाडी भरलेली हाय, लेट होतोय." तर तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, "मी तीस वर्ष गाडी चालवली, दोन मिंटं मला कळत्यात." आणि त्याच्या दंडाला धरून त्याला चंदरच्या हॉटेलात नेलंत. बाकावर माणसं बसलेली. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "सांग यांना, काय झालं व्हतं ते."

राकेशनं सांगितलं. तुम्ही ऐकलंत. आणि मग चंदरकडे वळून, राकेशच्या म्हणण्याप्रमाणे अगदी हळू आवाजात, म्हणालात, "चाळीस मानसं व्हती त्या गाडीत. दिसत नव्हतं म्हनून माझ्या पोरीनं गाडी थांबवली. मी तिच्या वयाचा असताना मला गाडीवर डुलकी लागायची, मी नाय थांबवली कधी. वाचलो ते नशीब. आता ती दवाखान्यात हाय. पुन्हा तिचं नाव घेशील तर नीट घे."

चंदरनं काय केलं, मी विचारलं. राकेश म्हणाला, चहा पुढं केला, तुम्ही घेतला नाहीत.

हे ऐकून मी हसले. या आजारात हसू नीट येत नाही, ओठ वर जायच्या ऐवजी आडवे होतात. राकेशला वाटलं मला दुखतंय. तो सिस्टरला बोलवायला धावला.

तुमच्या डुलकीचं मला माहीत नव्हतं. आईलाही नसेल. अप्पा, तुम्ही ते चार माणसांत बोललात, हे माझ्या मागण्यात नव्हतं.

स्नेहल

१६ ऑक्टोबर २०२५, नाशिक

अप्पा,

आज गाडीत तुमच्याशी बोलले नाही, कारण ड्रायव्हरनं चालू गाडीत प्रवाशाशी बोलायचं नसतं. सिन्नरला उतरल्यावरही सुचलं नाही. आता दुपारची झोप झालीय, गोळी घेतलीय, म्हणून लिहिते.

मेडिकल बोर्डानं मागच्या महिन्यात फिट दिलं, ते आईनं तुम्हाला सांगितलं होतं. बोर्डाच्या डॉक्टरांनी कितीतरी प्रश्न विचारले. त्यांनी विचारलं, "पुन्हा त्रास झाला तर?" मी म्हटलं, "साहेब, पुन्हा होऊ शकतो हे मला माहीत आहे. कसा सुरू होतो तेही माहीत आहे. झाला तर मी गाडी थांबवेन, आधीही थांबवलीय." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग फक्त सकाळच्या फेऱ्या, जवळचा मार्ग, संध्याकाळी स्टिअरिंग नाही, दर महिन्याला तपासणी, असं ठरवून सही केली. मला सगळं मान्य आहे. सकाळची नाशिक-सिन्नर माझी, बाकी दिवस माझ्या शरीराचा.

आज तुम्ही येणार आहात हे कुणी सांगितलं नव्हतं. आरशात बघितलं तर स्टँडच्या गर्दीतून पांढरी टोपी येताना दिसली. चांदवडहून पहिल्या गाडीनं निघाला असणार. दार धरून चढलात, तिकीट काढलंत, आणि बरोबर माझ्या मागच्या सीटवर बसलात. एक शब्द नाही. मीही मागे बघितलं नाही. घंटी झाली, मी गाडी काढली.

द्वारका चौकात गर्दी, पुढं नाशिकरोडला गर्दी. सिन्नरच्या घाटात पुढं एक कंटेनर रखडत चाललेला, मी त्याच्या मागं शांतपणे राहिले, ओव्हरटेक केलं नाही. आरशात तुम्ही दिसत होतात. सगळा वेळ तुमचा उजवा पाय माझ्या सीटमागच्या पट्टीवर दाबला जाताना पाठीला जाणवत होता, जणू ब्रेक तुमच्याच पायाखाली आहे.

सिन्नरला माणसं उतरली. तुम्ही सगळ्यात शेवटी उठलात, माझ्या केबिनशेजारी येऊन उभे राहिलात, आणि अडीच वर्षांनी तुमचा पहिला शब्द आला.

"दुसरा गिअर टाकताना घाई करतीस."

मी म्हटलं, "गिअरबॉक्स जुना आहे, अप्पा."

"मंग त्याला येळ दे." तुम्ही समोरच्या काचेतून बाहेर बघत होतात. "डोळं कसं हायेत?"

"एकच दिसतंय सगळं."

"बरं." मग विचारलंत, "परत कवा निघनार?"

"वीस मिनिटांनी."

"बसतो मंग," म्हणालात, आणि त्याच सीटवर जाऊन बसलात.

परतीच्या सबंध रस्त्यात मी दुसरा गिअर सावकाश टाकला. तुमच्या लक्षात आलं असेल.

या रविवारी मला सुट्टी आहे. मी घरी येतेय, विचारत नाहीये. सकाळच्या गाडीनं येईन, तुम्ही फाट्यावर न्यायला या. जेवण झाल्यावर मला दोन तास झोपावं लागतं, मधली खोली मोकळी करून ठेवा आणि तेवढा वेळ टीव्ही बंद. उठले की मग बोलू. लग्नाचंही बोलू, तुम्हाला बोलायचं असेल तर. फक्त दिवस मावळायच्या आत, तोवर माझा आवाज चांगला असतो.

तुमची,
स्नेहल